बी.एस्सी. आणि संगीत, दोन्ही एकदम: नागपुरातलं एक प्रवेश प्रकरण

मुलगी प्रतापनगरची. बारावी विज्ञान, राज्य मंडळ, २०२५ ची बॅच. गणित आणि भौतिकशास्त्रात बरी, रसायनशास्त्रात जेमतेम, एकूण अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास. गाणं पाचवीपासून. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झालेली, त्यापुढच्या विशारद परीक्षेचं पहिलं वर्ष बाकी. दहावीला याच परीक्षांच्या जोरावर शास्त्रीय कलेचे वाढीव गुणही पदरात पडले होते, त्यामुळे गाण्याचा मार्कांना उपयोग होतो हे घरात निदान एकदा सिद्ध झालेलं. वडील वीज कंपनीत, आई शाळेत शिक्षिका. जेईईचा क्लास दोन वर्षं चालला; त्याचा निकाल काय लागला यावर घरात कुणी बोलत नाही.

मी अनेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. आता प्रवेशाच्या दिवसांत ओळखीपाळखीची मुलं आणि पालक विचारायला येतात. ५ मे रोजी बारावीचा निकाल लागला आणि थोड्याच दिवसांत हे तिघं आले. या कुटुंबाच्या परवानगीनं हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि एक-दोन तपशील हलवले आहेत.

मुलीचा प्रश्न सरळ होता. “सर, मला बी.एस्सी. फिजिक्सपण करायचं आहे आणि बी.ए. म्युझिकपण. दोन्ही रेग्युलर. आता चालते ना तसं?”

वडील म्हणाले, “एक तं धड होऊ दे ना बाप्पा आधी.”

आई काही बोलली नाही. नंतर कळलं, फॉर्म आईनंच आणून ठेवले होते.

परवानगी आहे, पण

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायची मुभा दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर एकाचे तास दुसऱ्याच्या तासांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतो, दोन्ही दूरस्थही चालतात. मात्र दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा. पीएच.डी.ला हे लागू नाही. इतकं मुलीनं मोबाइलवर वाचून पाठच केलं होतं. तिच्या नजरेतून सुटलेला भाग असा की, याची यंत्रणा विद्यापीठांनी आपापल्या वैधानिक मंडळांमार्फत ठरवायची आहे. म्हणजे दिल्लीनं हो म्हटलं; वेळापत्रक, नोंदणी आणि परीक्षा यांचा मेळ घालणं विद्यापीठाकडे, आणि तिथून उतरत उतरत कॉलेजच्या खिडकीतल्या बाबूकडे.

खिडकीवर काय झालं ते आधी सांगतो, कारण बहुतेक मुलं तिथंच थांबतात. बी.एस्सी.ला पहिल्या कॉलेजात नंबर लागला, मूळ टीसी तिथं जमा झाली. संगीताच्या कॉलेजात गेले तर तिथंही मूळ टीसीच मागितली. टीसी एकच असते. झेरॉक्स चालेल का, तर नाही. पहिल्या कॉलेजातून बोनाफाइड आणतो, हमीपत्र देतो, तर “असा प्रवेश आम्ही आजपर्यंत दिला नाही.” खिडकीवरच्या बाई उद्धट नव्हत्या. त्यांनी आयोगाचं पत्रक शांतपणे वाचलं, वरिष्ठांना दाखवलं आणि लेखी अर्ज द्या, विद्यापीठाकडून मार्गदर्शन मागवू, असं सांगितलं. अर्ज दिला. पोच घ्यायला मी मुद्दाम सांगितलं होतं, ती घेतली. प्रवेशाची शेवटची तारीख गेली तरी उत्तर आलेलं नव्हतं.

ज्यांना हाच मार्ग धरायचा असेल त्यांनी हे लेखी विचारणं निकालाच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये उरकावं. विचारायच्या गोष्टी तीन: मूळ टीसीऐवजी काय चालेल, दोन विद्याशाखांत एकाच वेळी नोंदणी होईल का, आणि दोन्ही परीक्षांचे पेपर एकाच दिवशी आले तर कोण काय करणार. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. वर्गाचे तास भिडू नयेत अशी अट आहे, पण हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांची वेळापत्रकं विद्याशाखेप्रमाणे लागतात आणि ती परीक्षेच्या तोंडावरच हातात पडतात. तासांचा मेळ जुलैत बघता येतो, पेपरांचा नाही.

आठवड्याचं गणित

उत्तराची वाट बघत असताना आम्ही घड्याळ मांडलं. ते मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. मार्गदर्शन आलं असतं, टीसीचाही मार्ग निघाला असता, तर मुलीचा आठवडा कसा दिसला असता?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, आठवड्याला एक तास. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन. बी.एस्सी.चे २२ क्रेडिट धरले आणि त्यातले ८ प्रॅक्टिकलचे मानले, तर १४ तास थिअरी आणि १६ तास प्रयोगशाळा, एकूण ३०. संगीताच्या पदवीत प्रात्यक्षिक जास्त. तिथं १० क्रेडिट प्रात्यक्षिकाचे धरले तर १२ आणि २०, म्हणजे ३२. बेरीज ६२ तास. सहा दिवसांत वाटले तर रोज दहा तासांहून जास्त, फक्त वर्गात. हजेरी ७५ टक्क्यांवर धरली तरी साडेशेहेचाळीस तास उरतात. यात प्रवास नाही, जर्नल नाही, आणि रियाज नाही.

हा शेवटचा शब्द मी उच्चारला तेव्हा मुलगी पहिल्यांदा गप्प झाली. ती पहाटे पाचला उठून खर्ज लावते. संध्याकाळी आठवड्यातून तीनदा धंतोलीत गुरुजींकडे तालीम. सुभाषनगरहून मेट्रोनं सीताबर्डी, तिथं गाडी बदलून काँग्रेसनगर. त्यामुळे प्रवास आटोपशीर आहे, पण तालमीला ठरलेली वेळ नसते. गुरुजींनी बंदिश हातात घेतली की साडेआठ होतात.

वडिलांना हा कागद फार आवडला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. मला ते रुचलं नाही. ६२ तासांवरून “दोन्ही नको” असा निष्कर्ष निघत नाही. “या रूपात दोन्ही नको” एवढाच निघतो. संख्याशास्त्र किंवा गणित घेणाऱ्या मुलाची प्रयोगशाळा कमी असते, त्याचं गणित वेगळं येईल. सकाळच्या सत्राचं विज्ञान कॉलेज आणि दुपारच्या सत्राचं संगीत शेजारी शेजारी असेल, तर अजून वेगळं. भौतिक आणि रसायन दोन्हींची प्रॅक्टिकल असलेल्या, शिवाय गळ्यावर काम करणाऱ्या मुलीसाठी मात्र हा आकडा जड होता. तबला किंवा सतार वाजवणारा थकल्या हातानं रात्री थोडंफार बसू शकतो. दहा तास वर्गात आणि वाटेत बोलून, धूळ खाऊन आल्यावर गळा विलंबित ख्याल गायला तयार नसतो.

बी.ए.च्या आत काय असतं

संगीताची पदवी म्हटल्यावर मुलीच्या डोळ्यांसमोर दिवसभर गाणं होतं. आम्ही अभ्यासक्रम काढून बसलो. संगीत हा मुख्य विषय, बरोबर दुसऱ्या विषयांचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचे अभ्यासक्रम. यातले भाषेचे आणि सर्वसाधारण स्वरूपाचे बरेच पेपर तिला बी.एस्सी.तही होतेच. तेच दोनदा? हो, दोनदा. क्रेडिट बँकेत जमा झालेलं क्रेडिट एका पदवीसाठी वापरलं की खात्यातून कायमचं वजा होतं. तेच दुसऱ्या पदवीला दाखवता येत नाही.

आता राहिला संगीताच्या थिअरीचा भाग. भातखंडे आणि पलुस्कर स्वरलिपी, श्रुतिविचार, रागांची वर्गीकरणं, घराणी, संगीतकारांची चरित्रं. यातलं बरंचसं विशारदच्या लेखी पेपरांत आहे आणि विशारद तर ती करणारच होती. म्हणजे एकाच वर्षात एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची.

या जागी मुलीनं मला अडवलं. म्हणाली, “सर, तुम्ही पेपर मोजून राहिले. मला तिथं गाणाऱ्या मुली भेटल्या असत्या ना. इथं माझ्या बॅचमध्ये राग म्हटलं की लोक विचारतात कोणाचा आला.” तिचं बरोबर होतं. सोबत मिळणं हे पदवीचं मोठं देणं आहे आणि ते क्रेडिटच्या तक्त्यात येत नाही. पण त्यासाठी ३२ तास मोजायचे का, हा प्रश्न राहिलाच.

मग फिजिक्स तरी कशाला

खरं तर हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं असं वाचणारा म्हणेल. विचारलं होतं. पहिल्या दिवशी उत्तर आलं, “आवडते.” जूनमध्ये आलं ते उत्तर असं.

गुरुजी तानपुरा लावून मुलांना डोळे मिटायला सांगतात आणि विचारतात, गंधार कुठं ऐकू येतोय? तानपुऱ्यात पंचम आणि षड्ज लावलेले. गंधाराची तार नसते. तरी खर्जाच्या तारेतून गंधार निघतो. बारावीच्या पुस्तकात तिनं ताणलेल्या तारेची प्रसंवादी, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत उमटणारे वरचे सूर, वाचली आणि कोडं सुटलं: मूळ कंपनाच्या पाचपट वारंवारतेचा अंश म्हणजे दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार. सप्तकात उतरवला की गुणोत्तर ५:४. घरच्या हार्मोनियमवर तिनं तोच गंधार दाबून बघितला तर तो तानपुऱ्याशी भांडत होता. सप्तकाचे १२०० समान भाग केले, एकेका भागाला सेंट म्हणतात, तर हार्मोनियमचा गंधार ४०० वर पडतो आणि तारेतला ३८६ वर. चौदा सेंटांचा फरक तिच्या कानानं आधी पकडला होता, आकडा नंतर मिळाला.

मी तिला चंद्रशेखर वेंकट रामन यांचं काम सांगितलं. तार जिथं छेडावी तिथं ज्या प्रसंवादीचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो, तो अंश ऐकू येऊ नये असा नियम आहे. तानपुऱ्याच्या बाबतीत तो खोटा पडतो, कारण घोडी रुंद आणि किंचित वक्र असते, जवारीमुळे, म्हणजे ती वक्र घोडी आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांच्यामुळे, तार तिला घासत, सुटत कंप पावते आणि गळालेले अंश परत येतात. रामन यांनी १९२१ मध्ये हे मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९२० मध्ये, त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी आपल्या तालवाद्यांवर लिहिलं: साध्या गोल पडद्याचे वरचे अंश बेसूर असतात, पण मध्ये शाई, म्हणजे काळा लेप, भरल्यामुळे ते सुरात येतात. हे गृहस्थ सुरुवातीला सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला होते आणि त्यांतला काही काळ नागपुरातही होते, हे ऐकून वडिलांनी मान वर केली. हिशेब खात्याबद्दल त्यांना आदर आहे.

तेव्हा माझा कल पक्का झाला. या मुलीला दोन विषय नको आहेत. तिला एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी हवी आहे. त्यातली भौतिकाची बाजू प्रयोगशाळेशिवाय मिळत नाही, म्हणून ती नियमित कॉलेजातच हवी. संगीताची बाजू तिला आधीच मिळत होती, धंतोलीत.

बाहेरचे रस्ते

हे मी लवकर आटोपतो, कारण घरानंही लवकरच आटोपले. आईची मावसबहीण अमेरिकेत असते. तिनं फोनवर सांगितलं की तिकडे याला रीतसर डबल डिग्री म्हणतात. खरं आहे. ओहायोतल्या ओबर्लिनमध्ये कॉलेज आणि कंझर्व्हेटरी (संगीताचं महाविद्यालय) यांची मिळून पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे, आणि दोन्हीकडे वेगवेगळा प्रवेश मिळवावा लागतो. बार्ड कॉलेजच्या कंझर्व्हेटरीत तर पदवीच्या विद्यार्थ्यांनी संगीताबरोबर दुसऱ्या विषयाची पदवीही करायचीच, अशी रचना आहे. तिथं वेळापत्रक जुळवायची जबाबदारी संस्थेची असते. आपल्याकडे ती मुलीच्या सायकलवर येते. पण ऑडिशन पियानो, व्हायोलिन, ऑपेराचा गळा यांची. ख्याल गाणाऱ्या मुलीनं तिथं कोणत्या विभागात उभं राहायचं? आणि खर्च हा विषय वडिलांनी काढलाच नाही, यावरून काय ते समजावं.

पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाची संगीताची विद्याशाखा, ही नावं निघाली. वाराणसीसाठी केंद्रीय विद्यापीठांची सामायिक परीक्षा लागते आणि तिचे अर्ज मार्चमध्येच बंद झाले होते. शिवाय दोन्हीकडे विज्ञान सुटलं असतं. खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, १९५६ सालचं, नागपूरच्या गाणाऱ्यांना घरच्यासारखं. हावडा लाइननं डोंगरगढ किंवा राजनांदगावला उतरून जायचं. गुरुजींचा ओढा तिकडे होता. मुलगी म्हणाली, मला गुरुजींना सोडून गुरुजींच्या सांगण्यावरून दुसरीकडे जायचं नाही. गुरुजी हसले, पण खूश झाले ते लपलं नाही.

विज्ञान कॉलेजातच संगीत हा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेता येईल का, हेही पाहिलं. महाराष्ट्राच्या रचनेत मायनर दुसऱ्या विद्याशाखेतला घेता येतो, त्याला साधारण १८ ते २० क्रेडिट असतात. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, तर दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यावा लागतो. कागदावर हा सगळ्यात देखणा पर्याय. प्रत्यक्षात कॉलेज जे विषय शिकवतं त्यातूनच निवड होते, आणि या विज्ञान कॉलेजात संगीताचा शिक्षक नाही. मायनरच्या यादीत ते विषय होते जे शेजारच्या वर्गात आधीच चालू आहेत.

पदवी कशासाठी हवी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे एकदा गुरुजींकडे बसलो. गुरुजींनी नेमका प्रश्न विचारला: “बी.ए. करून पुढं काय व्हायचं आहे तुला?”

गाणारी व्हायचं असेल तर बी.ए. लागत नाही. आकाशवाणी ग्रेड देते ती आवाज चाचणीवर. बी, बी-हाय, ए, टॉप, यांपैकी कुठल्याही पायरीला पदवी विचारत नाहीत. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी असते, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिथं गुरूकडची तालीम आणि प्रत्यक्ष सादरीकरण बघतात.

आणि कॉलेजात संगीत शिकवायचं असेल तर? त्यासाठी साधारणपणे एम.ए. संगीत आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा लागते. एम.ए.ला बसायला बी.ए. संगीतच असावं असं नाही. अनेक विद्यापीठांत कुठल्याही शाखेची पदवी आणि बरोबर विशारद असेल तर प्रवेश मिळतो. वडिलांनी हे दोनदा विचारून घेतलं. बी.एस्सी. आणि विशारद, मग एम.ए. संगीत? हो. तीन अधिक दोन, पाच वर्षं. अमेरिकेतल्या दुहेरी पदवीलाही पाचच लागतात आणि तिथं शेवटी हातात दोन्ही पदव्या पहिल्याच पायरीच्या असतात. इथं दुसरी पदव्युत्तर असेल.

विशारद ही विद्यापीठाची पदवी नाही, ही तिची उणीव म्हणून नेहमी सांगितली जाते. या प्रकरणात तीच सोय ठरली. पदवी नसल्यामुळे दोन पदव्यांचा नियम तिला लागत नाही. टीसी नको, नोंदणी नको, ७५ टक्के हजेरी नको. परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, त्यामुळे एक सत्र कॉलेजच्या परीक्षेवर आलं तर दुसऱ्यात बसता येतं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये मंडळ उभं केलं. नोकरी, शाळा, संसार सांभाळून गाणाऱ्या माणसांच्या पिढ्या या परीक्षांवर निघाल्या आहेत.

वडिलांचा एक प्रश्न बाकी होता. “विज्ञान करून मोठं गाणारं कोणी झालं का?” डॉ. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर. संगीतातली डॉक्टरेट नंतरची. डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केली, भाभा अणुसंशोधन केंद्रातून जैवरसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली, आणि त्यांनीही विशारद केलेलं आहे. आणि ज्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे, ते डॉ. वसंतराव देशपांडे नागपुरात वाढले, इथं शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि पुढे लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गायले. वडील पुन्हा हिशेब खात्यावर खूश.

मुलगी मात्र खूश नव्हती. “म्हणजे गाणं पुन्हा पुढं ढकललं. आधी दहावी होऊ दे, मग बारावी होऊ दे, आता बी.एस्सी. होऊ दे.” ती रडवेली झाली होती. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही निर्णयाला अटी घातल्या. घालायला लावल्या, असं म्हणणं बरोबर ठरेल, कारण त्या गुरुजींनी सुचवल्या आणि आईनं वहीत लिहून वडिलांची सही घेतली. पहाटेचा रियाज परीक्षेच्या दिवसांतही बंद होणार नाही. तालमीचे तीन दिवस तसेच राहतील. बी.एस्सी.त एखादा विषय राहिला तर गाणं बंद करा असं कुणी म्हणणार नाही. आणि कुठलाही क्लास लावायचा नाही. ही शेवटची अट वडिलांना सगळ्यात जड गेली.

पुढं काय झालं

बी.एस्सी. जुलैत सुरू झालं. पहिल्या महिन्यात ती रसायनाच्या प्रॅक्टिकलहून थेट तालमीला जायची आणि गुरुजी तिला आधी अर्धा तास नुसतं बसवायचे. पावसाळ्यात गळा बसला, डॉक्टरांनी काही दिवस गाणं बंद ठेवायला सांगितलं, त्या काळात तिनं विशारदची थिअरी उरकली. ती म्हणते तोच सगळ्यात कंटाळवाणा काळ होता.

हिवाळी परीक्षा आणि विशारद प्रथम एकाच सुमारास आल्या. डिसेंबरात अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद असतात, तरी मेट्रोनं ती वेळेवर पोचली. विशारद प्रथम झालं, चांगल्या गुणांनी. कॉलेजात भौतिक उत्तम, गणित बरं, रसायन राहिलं. निकालाच्या दिवशी वडील काय म्हणतात याकडे माझं लक्ष होतं. आईनं वही काढून टेबलावर ठेवली होती. ते म्हणाले, “उन्हाळी परीक्षेत काढून टाक,” आणि चहा मागितला.

सोबतीचा प्रश्न सुटलेला नाही. कॉलेजात सहशालेय क्रेडिटांमध्ये सादरीकरणाच्या कला येतात, त्यातून एक गाणारा आणि एक तबला वाजवणारा मुलगा सापडला. तिघं युवा महोत्सवाच्या तयारीला बसले. ती याला सोबत मानायला तयार नाही. त्या दोघांना सुगम गायचं असतं.

तानपुऱ्याचा एक छोटा प्रकल्प मात्र सुरू झाला. मोबाइलवर ध्वनी नोंदवायचा, संगणकावर वर्णपट काढायचा, जवारीचा दोरा सरकवत प्रत्येक वेळी पाचव्या प्रसंवादीची उंची बघायची. दोरा नेमका कुठं बसला की गुरुजी “हं” म्हणतात, आणि त्या क्षणी आलेखात काय होतं, एवढाच प्रश्न. पहिल्या फेरीच्या नोंदी कूलरच्या आवाजानं निकामी झाल्या. एप्रिलात नागपुरात कूलर बंद करून नोंद घेणं म्हणजे सगळ्यांची परीक्षा. आता पहाटे साडेपाचला घेतात.

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरताना तिनं भौतिकशास्त्र मुख्य घेतलं. विशारद पूर्णची तयारी चालू आहे. तीन वर्षांनी बाहेर पडून एम.ए. संगीत, की चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स, हे ठरलेलं नाही. चौथं वर्ष केलं तर भौतिकाचं पदव्युत्तर एका वर्षात होऊ शकतं, पण संगीताच्या एम.ए.ला ती सवलत धरता येणार नाही. ते दोन वर्षांचंच धरून चालायचं. मुलगी चौथ्या वर्षाकडे झुकते आहे. गुरुजींचं मत विचारलं तर ते आधी तिचा भैरवातला कोमल ऋषभ ऐकवायला सांगतात.

संगीताच्या कॉलेजला दिलेल्या त्या लेखी अर्जाचं उत्तर नंतर आलं. दोन वाक्यांचं: वेळापत्रक भिडत नसल्याचं दोन्ही प्राचार्यांचं प्रमाणपत्र आणि पहिल्या कॉलेजचं बोनाफाइड जोडल्यास प्रवेशाचा विचार करता येईल. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी मी त्याची प्रत ठेवून घेतली आहे. मुलीनं ते वाचलं, मूळ कागद आईच्या वहीत ठेवला आणि एम.ए.ला हेच कॉलेज चालेल का, असं विचारलं.